भात्याचा हात

सांगलीच्या गणपती पेठेतल्या त्या वाद्यांच्या दुकानाची पायरी चढताना प्रशांतने मागे वळून पाहिले. पारूमावशी येते आहे ना, एवढेच त्याला पाहायचे होते. ती येत होती. पण दवाखान्यात आणलेल्या माणसासारखी, ओठ मिटून, पदर घट्ट धरून. तिच्यामागे गुंडा होता, त्यांच्या गायन मंडळातला ढोलकीवाला. त्याची नजर मात्र त्याच्या आधीच दुकानभर फिरून आली होती.

खरेदी प्रशांतची होती. निवड मावशीच्या हाती होती. तासगावहून एस्टीत बसतानाच तिने त्याला बजावले होते, "आदी मी गाऊन बगीन. त्या पेटीला माज्या मागनं येता आलं, तर तुज्या घरी गाईन. न्हाईतर पुन्यांदा इषय काडायचा न्हाई."

हा विषय काढायला प्रशांतला फार दिवस धीर झाला नव्हता. दिवसभर बेदाण्याच्या शेडमध्ये काड्या-खडे वेचणारी त्याची ही मावशी संध्याकाळी बुद्धविहारात गाऊ लागली, की त्याला आपल्या पेटीची लाज वाटे. मावशीचा सूर पट्टीवर पाय रोवून उभा राहत नसे. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत, जिथे पेटीला वस्तीच नाही, तिथे तो जाऊन थांबे, थरथरे आणि मग कुणी हाक मारल्यासारखा खाली उतरे. ऐकणाऱ्या बाया काम विसरत. प्रशांतच्या मनात येई, हे सारे या भिंतींतच विरून जाणार आहे. त्या विचाराने त्याला एकटे एकटे वाटे; पण बोलून दाखवणे त्याच्या स्वभावात नव्हते. तो पेटी वाजवी, एवढेच.

दोन वर्षांपूर्वी मंडळाची कॅसेट काढायची म्हणून सगळे साताऱ्याला गेले होते. तिथल्या कीबोर्डवाल्याने मावशीला पुन्हा पुन्हा थांबवले. "मावशी, सूर सरळ धरा. माझ्याशी जुळत नाही." मावशीने कानांवर चढवलेले हेडफोन काढले, हलकेच टेबलावर ठेवले आणि ती चालत स्टँडवर जाऊन बसली. "माज्या गळ्याला इस्त्री कराया निघालं हुतं," एवढेच ती गाडीत म्हणाली. त्यानंतर माइकसमोर ती गायलीच नाही.

प्रशांतच्या घरी आता संगणक होता. दिवसा तो त्यावर बेदाण्याच्या खोक्यांची लेबले आणि लग्नपत्रिका जुळवी. संध्याकाळी पुण्याच्या एका मित्राने दिलेल्या संगीताच्या प्रोग्रॅममध्ये माउसने एकेक सूर मांडत बसे. चिमट्याने एकेक दाणा उचलून वावर पेरावे, तसे ते काम. संगणकाला जोडता येईल असा कीबोर्ड मिळाला, तर मावशीच्या गाण्याला घरच्या घरी साथ बांधता येईल. सातारा नको, अनोळखी माणसे नकोत, घाई नको. एवढे एकच स्वप्न घेऊन तो आला होता.

दुकानाचे मालक सुमंतकाका पेटीच्या सुरांचे जाणकार म्हणून साऱ्या जिल्ह्यात ओळखले जात. त्यांनी मावशीला बसायला वेताचा मोडा दिला, पाणी दिले आणि मग काउंटरवर एक चंदेरी कीबोर्ड मांडला. त्याला स्वतःचे स्पीकर होते, शंभरेक आवाज होते आणि तालांची बटणे होती. गुंडाने विचारायच्या आतच एक बटण दाबले. आतून ढोलकी कडाडली.

"आयला! ह्यो तर माजीच भाकरी खाणार!" गुंडा ओरडला. पण पाय त्याचे थांबेनात. "परशा, हेच घे गड्या. लगनात वाजीव, बारशात वाजीव. वीज गेली तर शेलवर वाजीव!"

"तुजी ढोलकी निदान सांगितल्यावर गप तरी बसती," मावशी म्हणाली. सुमंतकाकांनी हसत ताल बंद केला.

"एखादी ओळ गाता का, मावशी?"

मावशीने प्रशांतकडे पाहिले, डोळे मिटले आणि जात्यावरची आपलीच ओवी धरली:

जात्याच्या गं पाळीवर उजेडाची मूठ वैरिली,
भीमरायाच्या नावानं लेक शाळंला धाडिली.

प्रशांत तिच्यामागून वाजवू लागला. कीबोर्डचा एकही सूर चुकत नव्हता. आवाज गोड होता, स्वच्छ होता. पण 'उजेडाची' म्हणताना मावशी जिथे घसरत खाली आली, तिथे कीबोर्ड पायरीवर ताठ उभा राहिला. ओवी पुरी व्हायच्या आधीच ती थांबली. रागावली नाही, फक्त पदर सावरून तिने दाराबाहेर पाहिले. साताऱ्यातही ती अशीच गप्प झाली होती. प्रशांतने पट्ट्यांवरून बोटे उचलली. आता ही उठणार आणि स्टँडकडे चालू लागणार.

सुमंतकाकांना ती शांतता कळली असावी. त्यांनी आतून एक काळा, साधा कीबोर्ड आणला. त्याला ना स्पीकर, ना ताल. डाव्या टोकाला तेवढी दोन छोटी चाके होती. गुंडाने एक पट्टी दाबली, दुसरी दाबली, मग कान लावून पाहिला.

"काका, ह्याचा तर घसा बसलाय!"

"त्याला घसाच नाही," सुमंतकाका म्हणाले. "कोणती पट्टी दाबली, किती जोराने, कधी सोडली, एवढं हा संगणकाला कळवतो. आवाज संगणक काढतो. याला मिडी कंट्रोलर म्हणतात." बोलता बोलता त्यांनी गोल पिनांची वायर त्याला जोडली, तिचे दुसरे टोक काउंटरवरच्या संगणकाच्या मागे खोचले आणि व्हायोलिनचा आवाज निवडला. "वाजवा, प्रशांत."

प्रशांतने वाजवले आणि तो कानकोंडा झाला. एक सूर ओरडत होता, दुसरा ऐकूच येत नव्हता. इतक्या वर्षांची बोटे आणि शिकाऊ माणसाचा हात!

"लाजू नका," सुमंतकाका हलक्या आवाजात म्हणाले. "पेटीवाल्याचा जोर भात्यात असतो, बोटांत नसतो. पट्टी कशीही दाबली तरी पेटीला फरक पडत नाही. याला बोटाचं वजन कळतं. महिनाभरात बोटं शहाणी होतील."

माणसाला कमीपणा न येऊ देता त्याची चूक सांगता येते, हे प्रशांतला अपूर्वाईचे वाटले. तो पुन्हा सावकाश वाजवू लागला. एवढ्यात मावशी खुदकन हसली.

"आरं, भाता शोधतुयास व्हय?"

प्रशांतने खाली पाहिले. त्याचा डावा हात आपसूक कीबोर्डच्या मागे गेला होता आणि तिथे नसलेला भाता चाचपडत होता. गुंडा पोट धरून हसला. प्रशांतने ओशाळून हात झटकन पुढे ओढला, तेव्हा अंगठा डाव्या टोकाच्या एका चाकावर पडला. वाजत असलेला सूर जागचा हलला, ओघळला आणि दोन पट्ट्यांच्या मधे जाऊन थांबला. अंगठा उचलताच चाक मधोमध आले, सूरही घरी परतला.

मावशीचे हसू थांबले. "त्ये काय केलंस?"

"चाक हाय मावशे. सूर सरकतोय ह्यानं."

"पुन्यांदा कर."

त्याने केले. मावशीने ओवी धरली आणि प्रशांत हर्षाने प्रत्येक सुरावर चाक फिरवत सुटला. दोन ओळींतच मावशीने हात वर केला.

"सारका डुलू नगंस रं. यष्टीत उबं राहिल्यावानी हुतंय."

"मावशे, कवा सरकवायचा त्येच कळंना," तो काकुळतीने म्हणाला.

"पेटीवर कसं कळत हुतं?"

पेटीवर त्याने असा विचार कधी केलाच नव्हता. मावशी श्वास घेई तेव्हा त्याचा डावा हात भाता भरून घेई. ती श्वास खर्ची घाली तसा तो भाता सोडी. कुठल्या शब्दाआधी तिची छाती भरते, कुठे ती श्वास राखून ठेवते, कुठे सगळा उधळून टाकते, हे त्याच्या हाताला त्याच्यापेक्षा अधिक ठाऊक होते. वर्षानुवर्षे तो हात तिच्या श्वासाशेजारी बसलेला होता.

प्रशांतने डोळे मिटले. अंगठा चाकावर नुसता टेकवला आणि पट्ट्यांचा विचार उजव्या हातावर सोडून दिला.

सुमंतकाकांनी पंखा बंद केला. मावशी गाऊ लागली. पहिली ओळ त्याने जवळजवळ सरळच वाजवली. 'उजेडाची'पाशी तिचा श्वास झुकला, तसा त्याचा अंगठा झुकला; तिच्या पुढे नाही, बरोबरही नाही, सावलीइतका मागे. सूर दोघांच्यामधून उतरला. दुसऱ्या ओळीत मावशीने मुद्दाम आडवाट धरली. तो चुकला, मागे राहिला, पुन्हा येऊन मिळाला. तिने त्याच्यासाठी गाणे थांबवले नाही की सोपेही केले नाही. एका ओवीतून दुसरी निघाली, दुसरीतून तिसरी. आपण वाजवतो आहोत हे विसरून प्रशांत ऐकत होता आणि ऐकत होता म्हणूनच वाजत होते. गुंडाची बोटे गुडघ्यावर निःशब्द ताल धरत होती. पेठेतून हातगाड्या जात होत्या. त्यांचा खडखडाट दुकानाच्या पायरीपाशीच थांबल्यासारखा वाटत होता.

गाणे संपले. प्रशांतने डोळे उघडले, पण मान वर केली नाही. मावशीच्या तोंडावर काय असेल, ते पाहण्याचे त्याला धाडस होईना. तो वायरीचा पीळ सोडवत राहिला.

मावशी मोड्यावर थोडी पुढे सरकली.

"मालक," ती सुमंतकाकांना म्हणाली, "ह्याला माइक कुटं लावत्यात?"

प्रशांतच्या हातातली वायर तशीच राहिली.

"माइक वेगळा घ्यावा लागतो, मावशी. संगणकाच्या मागे जोडायचा," सुमंतकाका म्हणाले. "दाखवतो. उभं राहून गाणार की बसून?"

"बसून," मावशी म्हणाली. "जात्यावर उबं ऱ्हाऊन कोन गातंय?"