खिंडीकडची खिडकी

चिमीनं कोपऱ्यातली बुटकी खिडकी वीतभर उघडली, फटीत लाकडाची ढलपी अडकवली आणि मगच काडी ओढली. खिंडीतला वारा थेट तिच्या पायांवर आला. चुलीतल्या जाळानं एकदा नको-नको केलं, मग धूर शहाण्या मुलासारखा वळला आणि सरळ धुराड्यात शिरला.

पन्नाशी उलटली होती, तरी या घरात ती चिमीच. म्हणजे घर आईचं होतं तेव्हा. आता ते दादाचं कॉटेज होतं, सुट्टीवाल्यांसाठी, 'दरीतलं शांत, घरगुती' वगैरे, आणि चिमीनं ते जावयाच्या नावावर शनिवार-रविवारसाठी भाड्यानं घेतलं होतं. आपल्या आईच्या घरात पाहुणी म्हणून भाडं भरून राहायचं, ही गंमत तिला मनापासून आवडली होती. रागाला असं खाद्य लागतंच.

दादाची फजिती जवळून बघायची, एवढ्यासाठी ती आली होती. दोन हिवाळे ती फोनवर पाहुण्यांच्या तक्रारी वाचत होती, लोक मालिका बघतात तशा चवीनं. देखावा सुंदर, पण चूल पेटवली की घर सोडावं लागतं. मुलं रात्रभर खोकली. एकानं तर लिहिलं होतं, मालक सज्जन आहे, चूल नाही. ते वाचून तिनं खुशीत एकटीसाठी पुन्हा चहा टाकला होता.

चूल आईनं स्वतः बांधलेली, ओढ्यातले दगड निवडून. तिची एक खोड होती. खिंडीतून वारा सुटला की धूर उलटा खोलीत यायचा, आणि अशा वेळी वाऱ्याच्याच तोंडची ही खिडकी उघडावी लागायची. भर थंडीत वाऱ्याला घरात घ्यायचं, हे परक्याच्या डोक्यात कसं येणार? लोक खिडकी गच्च लावायचे आणि दार उघडायचे, आणि दार उघडलं की धूर आणखीच भरायचा. ही युक्ती आईला ठाऊक होती आणि चिमीला. दादा लहानपणापासून शिकायला बाहेर. तो सुट्टीत यायचा तेव्हा घर उबदार झालेलं असायचं आणि ताट वाढलेलं. आयत्या बिळावर नागोबा.

घर त्यानं घेतलं, त्याचं तिला तितकं वाईट वाटलं नव्हतं. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा दादा योगायोगानं इथंच होता. त्यानंतर आई आठवडाभर होती. चिमीला फोन आला तो सगळं आटोपल्यावर. खिंड बर्फानं बंद होती, म्हणाला. पुढे तिला कळलं, दुधाची गाडी त्या आठवड्यात रोज खिंड ओलांडून येत होती. त्या दिवसापासून तिनं दादाशी बोलणं टाकलं.

बाहेर पावलं वाजली. दारावर टकटक झाली.

"येऊ का आत? मी मालक. चुलीचा जरा त्रास आहे, म्हणून गवंड्याला दाखवायला..."

दार लोटून दादा आत आला आणि जागच्या जागी थांबला. केस पार पिकले होते. मागे पायरीवर गवंडी हातोडा-छिन्नीची पिशवी मांडीवर घेऊन बसला.

"चिमे?"

"पाहुणी आहे मी. बूट बाहेर काढा. तुमचाच नियम आहे, दारावर लावलाय."

दादानं बूट काढले. मग त्याचं लक्ष चुलीकडे गेलं.

"धूर नाही."

"चूल आहे. पेटते."

"माझ्याच्यानं एकदाही अशी पेटली नाही बघ." तो आईच्या जुन्या खाटेवर टेकला. "लोक यायचे बंद झालेत. आज तोडून टाकतो आणि हीटर बसवतो. तुला काही युक्ती माहीत असेल तर सांग. नाहीतर आईची चूल जाईल."

हे चिमीनं धरलंच नव्हतं. दादाचा पडलेला चेहरा बघायचा आणि परतीची गाडी धरायची, एवढंच तिनं ठरवलं होतं. चुलीच्या कडेचा एक दगड आईच्या हातानं गुळगुळीत झाला होता. उठताबसता ती त्याचाच आधार घ्यायची.

"तोड," चिमी म्हणाली. म्हणाली आणि तिचा हात त्या गुळगुळीत दगडावर गेला. पण शब्द मागे घेईल तर ती चिमी कसली.

"अजून राग आहे तुझा."

"खिंड बंद होती म्हणालास."

दादानं खाटेची कड धरली.

"नव्हती बंद," तो म्हणाला. "मी एकटा होतो इथं. तिला भरवलं, पुसलं, चूल एक क्षण विझू दिली नाही, धूर झाला तरी. वारा लागू नये म्हणून त्या खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. आणि ती? बोलणं गेलेलं, एक हात तेवढा उचलायची. सारखं बोट खिडकीकडे. खिंडीच्या रस्त्याकडे. डोळ्यांतून घळाघळा पाणी. तुझी वाट बघत होती, चिमे. मी समोर होतो, पण मी तिला दिसतच नव्हतो. मग मलाही चढला राग. म्हटलं, नाही कळवत. काय करायचं ते कर."

आई आपली वाट बघत होती. चिमीला बरं वाटलं, एक क्षणभर. मग तिची नजर खिडकीतल्या ढलपीवर गेली.

"आणि खोकायची?" तिनं हळूच विचारलं.

"खूप. डॉक्टर म्हणाला, छाती भरलीय."

चिमी उठली. दादाला सुनवायची वाक्यं तिनं इतकी वर्षं घोकून ठेवली होती. त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं. तिनं ढलपी काढली, खिडकी ओढून लावली, फटीवर आपली शाल दाबली आणि खिडकीला पाठ लावून उभी राहिली.

धूर आधी चुलीच्या तोंडाशी घुटमळला. मग खोलीत उतरला.

"अगं, काय करतेस? दिसत नाही का तुला..." दादाला ठसका लागला. तो उठायला गेला आणि खोकत खाली बसला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण शब्द फुटेना. शेवटी त्यानं हात उचलला आणि चिमीच्या पाठीमागे खिडकीकडे बोट केलं. पुन्हा केलं.

"असंच करायची का रे ती?" चिमीनं विचारलं.

दादानं तिच्याकडे पाहिलं. मग हवेत उचललेल्या आपल्या बोटाकडे पाहिलं. हात खाली घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

"मालक, धूर पार बाहेर आला!" गवंडी पायरीवरून ओरडला. "घेऊ का तोडायला?"

दादानं मान हलवली. नाही, नाही. बाहेरच्या गवंड्याला ते दिसणं शक्य नव्हतं.

चिमीच्याही डोळ्यांची आग होत होती. खिडकी तिनं उघडली, पण जरा वेळानं.