वाचनालयाचं छप्पर उतरवताना

लेकीनं तुळईच्या सांध्यातल्या खुंटीवर लाकडी हातोड्याचा पहिला ठोका दिला आणि न राहवून खाली पाहिलं. वाचनालयाच्या रिकाम्या दालनात तिचे वडील, अप्पा, खुर्चीत बसले होते. काठी गुडघ्यांत, नजर छपरावर. हे छप्पर त्यांनी ऐन उमेदीत चढवलं होतं. ते उतरवायचं काम लेकीनं घेतलं, तेव्हापासून त्यांनी तिच्याशी अबोला धरला होता. आज मात्र न सांगता येऊन बसले होते.

वाचनालय पाडायचं ठरलंच होतं. बुलडोझरवाल्यानं एका सकाळीत सगळ्याचा भुगा केला असता. म्हणून तर तिनं खटपट करून हे काम मिळवलं. तुळया अखंड निघाल्या तर नव्या शाळेवर चढणार होत्या. पण अप्पांना हे सांगायची सोय नव्हती. विषय काढला की ते उठून आत जात.

"अप्पा असे बघतायत, की माझे हातच गारठलेत," परांचीच्या दुसऱ्या टोकावरून तिचा मदतनीस लंबू कुजबुजला.

"तू दोर सांभाळ. अप्पांचं मी बघते."

चार ठोक्यांत खुंटी अलगद बाहेर आली. करवत लागेल म्हणून तिनं जवळच ठेवली होती. त्या करवतीला हातही लावावा लागला नाही. कप्पीवरून एवढी थोरली तुळई निमूट खाली आली, एक ढलपी न उडता.

ती खाली उतरली. इतकी वर्षं सांध्यात झाकलेलं तुळईचं टोक उघडं पडलं होतं. तिथे अप्पांनी कोरलेली चौकोनी खाच होती. तिच्या शेजारी आणखी एक, ठिगळ मारून बुजवलेली. पलीकडे तिसरी, कडा झिजून गोल झालेली. तिनं त्या जुन्या खाचेत बोट घातलं आणि तिच्या ध्यानात आलं: तीन खाचा, म्हणजे तीन छपरं. ज्या छपराखाली ती लहानपणी पुस्तकं वाचत बसायची, ते लाकूड त्याआधी दोन छपरं पेलून आलं होतं.

"अप्पा, ही आधी कुठे होती?"

अप्पा उठले, तुळईपाशी आले आणि तिच्यावर तळवा टेकवला.

"नदीकाठच्या गोदामावर. मीच सोडवून आणली."

"आणि त्याच्या आधी?"

"ते गोदाम बांधणाऱ्या सुताराला ठाऊक. तो कुठला भेटायला मला!"

लेकीचे डोळे भरून आले. "मग माझ्यावर एवढा राग कशाला धरलात?"

"मला वाटलं, तू करवत चालवशील."

त्यांनी उघड्या सांध्यावरून अंगठा फिरवला. कुठे तडा आहे का, ते नीट पाहिलं. नव्हता.

"शाळेवर चढवशील तेव्हा सांध्यात गोंद भरू नकोस," ते म्हणाले. "पुढच्याला सोडवता आली पाहिजे."