शेवरोलेचा नारळ

माझ्या नवऱ्याचं नाव हरिश्चंद्र आणि धंदा गाड्या विकायचा. लग्नाच्या वेळी हे स्कूटर विकायचे, पुढे काशीमीऱ्याला हायवेवर शेवरोलेच्या शोरूममध्ये लागले. माझी मावशी तेव्हा म्हणाली होती, "सुलू, देवाने हरिश्चंद्राला सेल्समन केलाय. एक तर नाव तरी टिकेल, नाहीतर नोकरी." मावशीला काय ठाऊक, आमचे हे खरं बोलूनच गाड्या विकायचे.

यांचं बोलणं मला पाठ झालं होतं, कारण अर्धी गिऱ्हाइकं आमच्या घरी चहा पिऊनच शोरूमला जायची. गाडीच्या नाकावरचं ते सोनेरी चिन्ह, ज्याला भाईंदरमध्ये सगळे अधिकचं चिन्ह म्हणायचे, ते हे आधी बोटाने हवेत काढून दाखवायचे. "ही टायची गाठ आहे, बो-टाय. अमेरिकेतली शंभर वर्षांची कंपनी. आणि आपल्याला परकी नाही हं! १९२८ साली आपल्या शिवडीला यांचा कारखाना निघाला. माझे वडील तिथे फिटर होते." वडिलांचं नाव निघालं की गिऱ्हाईक मऊ पडायचं. त्यात खोटं काही नव्हतं. माझे सासरे म्हातारपणीसुद्धा रस्त्याने जुना शेवरोलेचा ट्रक गेला की थांबून बघायचे, आणि तो वळेपर्यंत आम्हाला ताटकळत ठेवायचे.

एवढं होऊनही कुणी सहीला अडखळलं, तर यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं होतं. "मी आहे ना."

आमच्या बिल्डिंगमध्ये आणि आजूबाजूला यांच्या या तीन शब्दांवर बऱ्याच गाड्या आल्या. कुणी स्पार्क घेतली, कुणी बीट, कुणी टवेरा. दसऱ्याला कंपाउंडमध्ये झेंडूच्या माळा घालून त्या उभ्या राहिल्या की हे खाली उतरून एकेकीच्या टपावर हात ठेवायचे, पोरींना सासरी देऊन आल्यासारखे.

२०१७ साली कंपनीने सांगितलं, भारतात आता आम्ही गाड्या विकणार नाही. सुटे भाग मिळत राहतील, सर्व्हिस मिळेल, असंही सांगितलं आणि पुष्कळ दिवस ती मिळतही होती. पण लोकांनी ऐकलं ते एवढंच, की कंपनी गेली. शोरूमवरचं चिन्ह उतरवलं, काचेला कागद लागले. यांची नोकरी गेली त्याचं मला तेवढं वाटलं नाही, पोरगी जागृती कमवायला लागली होती, आमचं भागत होतं. यांचा शब्द गेला, ते मला सहन झालं नाही.

राग काढायला अमेरिका तर सापडत नव्हती, मग सापडले हे. खालच्या मजल्यावरचा जितेश लिफ्टमध्ये दहा जणांसमोर म्हणाला, "काका, फ्रिज लेना है. आप बोलो कौनसा अच्छा है, मैं दूसरा ले लूँगा." सगळे हसले. हेसुद्धा हसले, आणि वर येऊन न जेवता झोपले.

त्या दिवसापासून यांनी मत देणं सोडलं. मी आधी लक्षच दिलं नाही. मग हळूहळू कळलं, की पंखा कुठला घ्यायचा विचारा, आंबे गोड निघतील का विचारा, हे म्हणतात, "तुमचं तुम्ही बघा." आमटी खारट झाली तरी गपचूप खातात. जागृतीने लग्नाचा मुलगा घरी आणला. तो गेल्यावर पोरगी बापासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, कसा वाटला?" यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुझं तू बघ." मी पोळपाट आपटला. ज्या माणसाने अख्ख्या गल्लीला गाड्या सुचवल्या, त्याच्याकडे स्वतःच्या लेकीला सांगायला एक शब्द नसावा? शेवटी तिचं तिनेच ठरवलं आणि त्याच मुलाशी लग्न केलं.

आणि तरी, कुणाची शेवरोले बंद पडली की हे पायात चपला सरकवून निघालेच. आरसा तुटला, क्लच गेला, हे कुर्ल्याच्या भंगार बाजारात. जितेशच्या बीटचा दरवाजासुद्धा यांनीच शोधून आणला, तोही नेमका त्याच रंगाचा. मी म्हणायचे, "कंपनीला नाही पडली, तुम्हाला कशाला?" त्यावर हे पिशवी उचलून चालू लागायचे. दगडावर डोकं आपटल्यासारखं व्हायचं मला.

आता कमळाकरचं सांगते. कमळाकर पाटील खारीगावातला, मूळचा आगरी. बापजाद्यांची मिठागरात आणि भातशेतीत हयात गेली, आता शेतावर बिल्डिंगी आहेत आणि कमळाकर त्यातल्या एकीत राहतो. घरात माणसं पुष्कळ, म्हणून यांच्या सांगण्यावरून त्याने पांढरी टवेरा घेतली. गाडी मिळाली त्या दिवशी तो यांना ओढतच गावदेवीला घेऊन गेला आणि हातात नारळ दिला. त्याच्या घराण्याची रीत अशी, की बैल घ्या नाहीतर होडी घ्या, ज्याच्या शब्दावर वस्तू घरात आली त्याच्याच हातून नारळ फोडायचा. एकदाच नव्हे, ती वस्तू घरात असेपर्यंत दर दसऱ्याला. दुसऱ्या कुणी फोडलेला चालत नाही.

आधी हे मिरवत जायचे. कंपनी गेल्यावर दसऱ्याला सकाळीच घराबाहेर पडायला लागले. कधी चेण्याला नदीवर जाऊन बसतात, कधी बहिणीकडे. कमळाकर गाडी घेऊन यायचा, वाट बघायचा आणि नारळ आमच्या दारात ठेवून जायचा. टवेराला नुसतीच माळ. सोललेला, शेंडी राखलेला तो नारळ मी टाकून थोडीच देणार? मी त्याच्या वड्या करायचे. सगळी बिल्डिंग खायची, हे सोडून.

यंदा कमळाकर दसऱ्याची वाट न बघता एका रविवारीच आला. बरोबर मुलगा निकेत. हे बनियनवर पेपर वाचत बसलेले, पळायला जागाच नव्हती. कमळाकरने टीपॉयवर नारळ ठेवला.

"दादा, टवेराची पंधरा वर्सं भरली. आता ती भंगारात द्याची हाय. पोरानं नवी गाडी बगलीय. तुमी चला, बगा, बरी हाय का न्हाय सांगा, आनि नारल फोडा."

"मला त्यातलं आता कळत नाही," हे म्हणाले. "तुमचं तुम्ही बघा."

"कळत नाही?" मी स्वयंपाकघरातूनच ओरडले. "रस्त्याने गाडी गेली तर झोपेत सांगता कुठला पट्टा सैल झालाय ते!"

यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पेपरची घडी घातली, परत उलगडली. मग एकदम बोलायला लागले, इतक्या हळू की मी गॅस बंद करून दारात येऊन उभी राहिले.

"कमळाकर, मी तुला अर्धंच सांगितलं होतं. १९२८ ला कंपनी शिवडीला आली हे सांगितलं. १९५४ ला गेली हे नाही सांगितलं. सरकारचे नियम बदलले, त्यांनी कारखाना आवरला. माझे वडील तेव्हा पोरसवदा. ते कधी कुणाला वाईट बोलले नाहीत, 'गाडी चांगली होती' एवढंच म्हणायचे. आणि ज्या शेवरोलेच्या नावाने गाडी निघाली ना, तो माणूससुद्धा काही वर्षांतच कंपनी सोडून गेला होता. कंपनी तशीच चालू राहिली, त्याच्याच नावाने. हे सगळं मला माहीत होतं. एकदा जाणारे परत जातील, हे मला दिसायला हवं होतं. तरी मी तुला म्हटलं, मी आहे ना."

मी तशीच उभी राहिले. इतकी वर्षं मला वाटायचं, यांना कंपनीचा राग आहे. मी माझ्या परीने कंपनीला शिव्या घालून यांना साथ देत होते. यांचा राग कंपनीवर नव्हताच, स्वतःवर होता, आणि मी तीस वर्षं संसार केलेली बायको, मला ते कळलं नाही. मला रडूच आलं.

कमळाकर मात्र कान खाजवत बसला होता. "झाला सांगून?" तो म्हणाला. "दादा, मला येक सांगा. नारल कंपनीनं फोडला व्हता का?"

यांनी पेपर बाजूला ठेवला.

"माजे आयेला येकवीरेला नेत व्हतो, घाटात गाडी बंद परली. कोन आला? अमेरिका आली? तुमी आलाव, ट्रकात बसून, हातात डिझेलचा पंप घेवून. कंपनी गेली तं गेली. मी कंपनीला वलखत पन न्हाय." मग तो माझ्याकडे वळला. "वयनी, दर वर्साला बायको बोलते, दुसऱ्याच्या हातानं फोडा नारल. मी बोललो, न्हाय. मानूस हाय ना आजून."

यांनी खाली मान घातली. मग हे उठले, आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

मीही साडी बदलून बरोबर गेले, मला घरी थोडंच राहवणार होतं! टवेरातूनच गेलो. निघताना खाली कंपाउंडमध्ये यांनी पूर्वीसारखा तिच्या टपावर हात ठेवला, आणि या वेळी जरा जास्त वेळ ठेवला. काशीमीऱ्याच्या त्याच रस्त्याला दुसऱ्याच कंपनीचं शोरूम. आतला मुलगा गोड बोलत होता, आमची कंपनी अशी, आमचा इतिहास तसा. यांनी सगळं ऐकून घेतलं. मग बॉनेट उघडायला लावलं. गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकून बघितलं, गेल्या वर्षीच हृदयाचं ऑपरेशन झालेल्या माणसाने. मागच्या सीटवर मला बसवून विचारलं, "पाय मोकळे राहतात का गं?" किती वर्षांनी यांचा तो आवाज ऐकला मी.

बाहेर येऊन हे निकेतला म्हणाले, "गाडी चांगली आहे. तुमच्या घराला पुरेल. आता उरलेलं अर्धंही ऐक. ही कंपनी इथे राहील की जाईल, ते मला सांगता येणार नाही, आत बसलेल्या त्या मुलालाही सांगता येणार नाही. कंपन्या येतात, जातात. गाडी बघून घ्यायची असेल तर घे. आणि पुढे काही लागलंच तर मी आ—"

तिथेच थांबले. हात आपोआप छातीकडे गेला, जिथे ऑपरेशनचा व्रण आहे. एवढा खरं बोलणारा माणूस, आता पुढच्या पंधरा वर्षांचा शब्द कुठून देणार? मला कळलं ते काय मोजतायत.

निकेत तसा आजकालचा पोरगा, कानात कायम काहीतरी घातलेलं असतं. त्याने ते काढून खिशात टाकलं. "काका, तुम्ही फक्त सांगा आणि नारळ फोडा," तो म्हणाला. "पुढचं आम्ही बघू. आम्ही आहोत ना."

हे त्याच्या पाठीवर थाप मारायला गेले आणि हात तिथेच राहिला.

गाडी मिळाली त्या दिवशी गावदेवीला यांनी नारळ फोडला. एका घावात दोन सारखी भकलं. कमळाकरने एक स्वतःकडे ठेवलं, एक आम्हाला दिलं. घरी येऊन मी वड्या थापल्या. बशी यांच्या समोर ठेवली आणि नेहमीसारखी आत वळले, कारण हे काही खायचे नाहीत, हे मला माहीत होतं.

मागून आवाज आला.

"सुलू, साखर जास्त झालीय."

दुसरा कुठला दिवस असता तर मी म्हटलं असतं, मग स्वतः करा. त्या दिवशी मी परत फिरले, यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आणखी काय चुकलंय? सांगा सगळं."

"वेलची कमी आहे," हे म्हणाले, आणि दुसरी वडी उचलली. "आणि जागृतीला फोन लाव. जावई चांगला आहे, ते तिला सांगायचं राहिलंय."