पहिला कप्पा

मला एका जागी बसवत नाही, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. संगणकावरच्या फायली दाबून लहान करायचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा शेजारच्या टेबलावरची म्हणाली, हिला पडद्यावरची पट्टी सरकताना बघत बसायला लावलंय, ही तर शिक्षाच. खरंच शिक्षा होती. आमच्या वेधशाळेच्या दुर्बिणीनं इतक्या वर्षांत काढलेले आकाशाचे फोटो, आणि ते ठेवायला डिस्कवर बोटभर जागा उरलेली नव्हती. विभागप्रमुखांना आम्ही पाठीमागे 'तातडी' म्हणतो, कारण त्यांची प्रत्येक मेल तातडीची असते. तातडींनी हुकूम सोडला: सगळं दाबून लहान करा आणि मूळ फायलींच्या जागी ठेवा.

दाबणं तसं अवघड नाही. आकाशाच्या फोटोत बहुतेक अंधारच असतो. तोच आकडा हजारदा लिहिण्यापेक्षा 'हाच आकडा, इतक्या वेळा' असं एकदा लिहिलं की झालं. हरवत काहीच नाही, उलगडलं की फोटो जसाच्या तसा परत. मी फाईल दाबायचे, उलगडायचे, मूळ फायलीशी ताडून बघायचे आणि मधल्या वेळात खोलीभर येरझारा घालायचे. एक आकडा इकडचा तिकडे झाला नाही. मग सगळ्यांना मेल टाकली की कोणाच्या प्रोग्रॅममध्ये नव्या फायली उघडत नसतील तर कळवा. कोणी कळवलं नाही. मी अहवालात 'तक्रार नाही' असं लिहून मोकळी झाले.

बाबांनाही विचारलं होतं. बाबा याच वेधशाळेतून निवृत्त झाले आणि अजून घरी बसून एका ताऱ्यावर पाळत ठेवून आहेत. तो तारा मधूनच मंद होतो. का होतो ते कोणाला नीट कळलेलं नाही, आणि लवकर कळेल असं बाबांखेरीज कोणाला वाटतही नाही. वेधशाळेच्या फायली त्यांना घरून बघता येतात. त्यासाठी तरुणपणी त्यांनी स्वतः लिहिलेला एक प्रोग्रॅम आहे. त्यात माऊस चालत नाही, सगळं टाइप करून सांगावं लागतं, आणि आत काय कसं लिहिलंय हे त्यांच्याशिवाय जगात कोणाला माहीत नाही. नवा वापरा म्हटलं की म्हणतात, माझ्या जुन्या चपला मला चावत नाहीत. फोनवर मी विचारलं, नव्या फायली दिसतात ना? दिसतात, म्हणाले, आणि जेवलीस का ते विचारलं.

शुक्रवारी भर कामात आईचा फोन आला. आई कामाच्या वेळी फोन करत नाही, त्यामुळे मी फोन घेऊन थेट बाहेर गेले. तू रविवारी ये, ती म्हणाली, यांनी संगणक भंगारवाल्याला द्यायचं ठरवलंय, त्याला सांगूनही आलेत.

"कशाला पण?"

"म्हणतात, माझं डोकं चाललंय. दादांसारखं."

दादा म्हणजे माझे मोठे काका. शेवटची वर्षं ते आमच्याकडे होते. आधी ते शब्द विसरले, मग घर, मग धाकटा भाऊ. बाबा त्यांच्या शर्टाची बटणं लावून द्यायचे आणि ते दर वेळी बाबांना विचारायचे, आपण कोण? त्यानंतर बाबा एखादी किल्ली विसरले तरी त्या दिवशी जेवायचे नाहीत.

आईनं बाकीचं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. सकाळी संगणकासमोर बसतात, काहीतरी टाइप करतात आणि पडद्याकडे बघत राहतात. मग बंद करतात, चालू करतात, पुन्हा तेच. विचारलं तर म्हणाले, इथं पुढे काहीतरी करायचं असतं, ते मी विसरलो. केस मानेवर आलेत, पण न्हाव्याकडे जा म्हटलं तर अंगावर धावून येतात.

मला आधी राग आला. मला नेहमी आधी रागच येतो, बाकीचं त्याच्या मागून येतं. मला का नाही सांगितलं कोणी? राग ओसरला तशी मनात पाल चुकचुकली. हे सगळं सुरू झालं कधी? नव्या फायली ठेवल्या त्याच सुमाराला.

मी चूक कबूल करणाऱ्यांतली नाही. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असं आई माझ्याबद्दल आल्यागेल्याला सांगते. पण त्या दुपारी चूक माझीच निघावी असं जितकं जिवापाड वाटलं, तितकं मला लग्न ठरतानाही काही वाटलं नव्हतं. मी माझंच काम उकरायला बसले. बसले म्हणजे उभ्यानंच. बाबांच्या ताऱ्याच्या फायली काढल्या, उलगडल्या, ताडल्या. बरोबर. दुसऱ्या घेतल्या. त्याही बरोबर. शनिवारी सुटी असून गेले, पहारेकऱ्याकडून खोली उघडून घेतली आणि पुन्हा सगळं तपासलं. कुठे तीळभर फरक नाही. बिनचूक कामाचा माणसाला इतका संताप येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

रविवारी दोन बस बदलून घरी पोचले. बसमध्ये मी पिशवीचा बंद इतका पिळला की तो तुटला. घरात शिरले तर संगणक दाराशी ठेवलेला, वायरी नीट गुंडाळून सुतळीनं बांधलेल्या. बाबांनी गाठी नेहमीसारख्या एकसारख्या मारल्या होत्या. ते खुर्चीत पेपर धरून बसले होते. केस खरंच फार वाढले होते.

मी सुतळी सोडायला लागले. राहू दे, ते म्हणाले, माणूस येईल आता. येऊ दे, मी म्हटलं, तोही बघेल. चढ्या आवाजात बोलले, हे मला माझंच ऐकू आलं. आई मध्ये पडली नाही. मी संगणक परत टेबलावर ठेवला, तिनं गुपचूप वायर उचलून भिंतीत खोचली.

"मला करून दाखवा, बाबा. रोज करता तसं."

त्यांनी पेपरची घडी घातली. मग उठले, आणि टाइप करू लागले. त्यांची बोटं कुठे अडली नाहीत. पडद्यावर खिडकी उघडली, आणि खिडकीत नुसता काळोख. एक तारा नाही. चूक झाली, फाईल सापडली नाही, असलं एक अक्षर नाही. बाबा पडद्याकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. आणि बाबांना भीती वाटते आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मी कपाळावर हात मारला आणि हसत सुटले.

दाबलेल्या फायलीला दोन कप्पे असतात. पहिला नियमापुरता, रिकामा, आणि फोटो दुसऱ्यात. नव्या प्रोग्रॅमना हे माहीत असतं. मलाही माहीत होतं, झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. फक्त मी धरून चालले की ज्या प्रोग्रॅमला हे कळत नाही, तो निदान कुरकुर तरी करेल. बाबांच्या प्रोग्रॅमनं पहिला कप्पा उघडला, तो रिकामा दिसला, म्हणून रिकामा दाखवला. तपासणी मी माझ्याच प्रोग्रॅमनं केली होती. स्वतःच पेपर काढायचा आणि स्वतःच तपासायचा, मग पैकीच्या पैकी मार्क पडणारच.

हे सगळं मी भडाभडा सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"माझी समजूत काढू नकोस," ते म्हणाले. "दादाला मीही असंच काहीबाही सांगायचो."

मग मी बोलणं थांबवलं. त्यांच्यादेखत एक फाईल उलगडली आणि म्हटलं, आता पुन्हा टाइप करा. त्यांनी केलं. खिडकी उघडली आणि ताऱ्यांनी भरली. बाबा पुढे झुकले आणि त्या गर्दीत न शोधता एका ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं. कसा आहेस, असं काहीसं पुटपुटले. ते मला नव्हतं.

"चूक माझी होती, बाबा," मी म्हटलं. "सगळी माझी."

आणखी एकदा म्हटलं. मला ते म्हणायला फार आवडत होतं. आई म्हणाली, तारीख लिहून ठेवा रे कोणीतरी, हिनं चूक मान्य केली. बाबाही हसले. तेवढ्यात भंगारवाला आला. आईनं त्याला जुनी रद्दी देऊन वाटेला लावलं आणि पंख्याखाली येऊन पदरानं तोंड पुसत बसली. मी घरभर फिरत होते. तातडींना काय सांगायचं, कोणाकोणाला मेल टाकायची, आणखी कोण कोण काळ्या खिडकीसमोर गप्प बसलं असेल, सगळं एकदम डोक्यात चाललं होतं.

बाबांनी मला हाक मारली. ते अजून ताऱ्याकडेच बघत होते.

"मागच्या महिन्यात केस कापायला गेलो होतो. दुकान बंद होतं म्हणून परत फिरलो, तर आपली गल्ली सापडेना. त्या कोपऱ्यावर मी बराच वेळ नुसता उभा होतो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ती चूक तुझी नाही ना?"

आईचा पदर तोंडाशीच राहिला. हे तिलाही नवीन होतं.

  माझी नाही असं म्हणवेना, आणि माझीच आहे असं म्हणायला काही जागाच नव्हती.

बाबांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून आपल्या शेजारी लावली. "या प्रोग्रॅमला दुसरा कप्पा बघायला शिकवावं लागेल," ते म्हणाले. "मी सांगतो, तू लिही. आणि कुठे काय आहे, का आहे, जे विचारायचं ते आजच विचारून घे."

मी खुर्चीवर बसले. दिवेलागणीला आईनं दिवा लावला तेव्हाही मी तिथंच बसले होते.