हुदलीकर सरांचा पेपर

"सर, मग ती परत कशी काढून घेतीय?"

शेवटून दुसऱ्या बाकापाशी वनिता उभी होती. अळणावरजवळच्या एका खेड्यातून रोज सकाळची पॅसेंजर धरून हुबळीला येणारी मुलगी. हुदलीकर सर फळ्यावर लिहीत होते, ते खडू तसाच धरून वळले.

"काय काढून घेते?"

"सीपीयू, सर. एका वेळी एकच प्रोग्रॅम चालतोय म्हणालासा. ऑपरेटिंग सिस्टीम पण एक प्रोग्रॅमच म्हणालासा. मग दुसरा प्रोग्रॅम चालायला लागला की ही थांबलीच नव्हं? थांबलेली असून चालत्याकडनं सीपीयू काढून कशी घेतीय?"

बीसीएच्या पहिल्या वर्षाचा वर्ग. अठ्ठावन्न मुलं. सरांनी टेबलावरच्या नोट्स उचलल्या. पान उलटलं, मग आणखी एक. नोट्समध्ये व्याख्या होत्या, प्रकार होते, फायदे-तोटे होते. या प्रश्नाचं उत्तर कुठंच नव्हतं.

"ते सिलॅबसमध्ये नाही," ते म्हणाले. "बस तू."

वनिता बसली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "सररिगे गोत्तिल्ल." सरांना माहीत नाही, हे कानडीत म्हटलं काय आणि मराठीत म्हटलं काय, शेषगिरी हुदलीकरांना सारखंच कळत होतं. ते पुन्हा फळ्याकडे वळले आणि तास संपेपर्यंत लिहीत राहिले.

एकतीस वर्षं त्यांनी याच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं होतं. एकेकाळी त्यांच्या वर्गात जागा मिळावी म्हणून पालक प्राचार्यांना भेटायला यायचे. मग मुलं कमी होत गेली. एके वर्षी अकरा आली, पुढच्या वर्षी चार आणि त्यानंतर एकही नाही. विषय बंद झाला. निवृत्तीला अजून तीन वर्षं होती. गेल्या डिसेंबरात प्राचार्यांनी त्यांना बोलावून सांगितलं, "सर, दुसऱ्या सेमिस्टरला ऑपरेटिंग सिस्टीम घ्या. बेसिकच आहे." सर होय म्हणाले. त्यांनी पुस्तक आणलं, इंटरनेटवरून कुणाच्या तरी नोट्स उतरवून घेतल्या आणि त्या नोट्सना धरून वर्गात जायला लागले. पाण्यात पडलेला माणूस फळकूट धरतो तसं.

महिनाभरात मुलांनी अर्ज दिला. सर वाचून दाखवतात, काही कळत नाही, दुसरे शिक्षक द्या. खाली चव्वेचाळीस सह्या. प्राचार्यांनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. सरांनी सगळ्या सह्या वाचल्या. त्यांत वनिताची नव्हती. उलट त्याचंच त्यांना जास्त लागलं.

"वर्ग दीपश्री मॅडमना देतोय," प्राचार्य म्हणाले. माणूस वाईट नव्हता, बोलताना खिडकीकडे बघत होता. "मेअखेर मॅडम मला लिहून देतील, पुढच्या वर्षी तुम्ही हा विषय घेऊ शकता का. नसेल तर परीक्षा विभागात बसा. नाहीतर मग व्हीआरएसचा विचार करा, सर."

त्या संध्याकाळी उणकलच्या घरी सरांनी हे बायकोला सांगितलं. सुशीलाबाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या चवळीच्या शेंगा मोडत होत्या.

"चव्वेचाळीस म्हणजे पुष्कळच की हो," त्या म्हणाल्या. "येत नाही तर शिका. तुम्ही काय कधी शिकला नाहीत?"

"या वयात? कुणाकडं?"

"ज्याला येतंय त्याच्याकडं. आणि कुणाकडं?"

दुसऱ्या दिवशी सर दीपश्री नरगुंदकरच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. बारा वर्षांपूर्वी ती त्यांच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची. पुढे एमसीए करून इथंच लागली. सरांना बघून ती उठून उभी राहिली. ते काय म्हणतायत हे कळल्यावर तर तिचा चेहराच उतरला.

"सर, तुम्ही वर्गात बसणार? माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही."

"माझ्याकडं बघू नकोस. फळ्याकडं बघ."

"मुलं काय म्हणतील, सर?"

"म्हणायचं ते अर्जात म्हणून झालंय त्यांचं."

असे हुदलीकर सर शेवटच्या बाकावर जाऊन बसले. दोनशे पानी वही, पेन, चष्मा. पहिल्या दिवशी मुलं वळूनवळून बघत होती. एकानं मोबाईल वर धरून फोटोही काढला. सरांनी मान खाली घालून तारीख लिहिली. दीपश्रीचा आवाज पहिले तीन दिवस कापत होता. चौथ्या दिवशी सरांनी हात वर केला. "मॅडम, प्रोग्रॅम आणि प्रोसेस, यांतला फरक परत एकदा सांगाल?" वर्गात हशा पिकला. दीपश्रीला मात्र हसू आलं नाही. ती फळ्याशी गेली आणि तिनं पुन्हा समजावलं: डिस्कवर नुसता पडून असतो तो प्रोग्रॅम; चालायला लागला, त्याला जागा मिळाली, तो कुठवर आलाय याची नोंद राहू लागली की ती प्रोसेस. या वेळी तिनं जरा सावकाश सांगितलं, आणि हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

ती चित्रं काढून शिकवायची. चौकोन, बाण, रांगा. सरांच्या लक्षात आलं की आपण महिनाभर नुसती वाक्यं वाचत होतो. एकतीस वर्षं आपणही चित्रं काढूनच शिकवलं. मग हा विषय हातात आला तेव्हाच आपला हात का आखडला? भीतीनं, दुसरं काय.

दोन आठवडे गेले. मुलांना सरांची सवय झाली. शेजारचा मुलगा त्यांच्या वहीतून आकृत्या उतरवून घ्यायला लागला.

एक दिवस दीपश्री सांगत होती की प्रत्येक प्रोसेसला सीपीयू ठरावीक वेळच मिळतो, वेळ संपली की पुढचीचा नंबर. वनिता उभी राहिली. तिनं तोच प्रश्न विचारला, जवळजवळ त्याच शब्दांत.

"टायमर असतो," दीपश्री म्हणाली. "तो इंटरप्ट देतो."

"म्हणजे नक्की काय होतंय, मॅडम? दुसराच प्रोग्रॅम चाललाय. त्याला थांब म्हणून सांगतंय कोण?"

"ते हार्डवेअर करतं. ते..." दीपश्री थांबली. मग तिनं मागच्या बाकाकडे पाहिलं.

सरांनी पेन खाली ठेवलं होतं. इंटरप्ट! प्रोसेसरची ती पिन, तिच्यावरचं व्होल्टेज, सगळं त्यांनी दरवर्षी फळ्यावर काढलं होतं. झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि त्या दिवशी या मुलीनं विचारलं तेव्हा आपण कुणा परक्याच्या नोट्सची पानं उलटत होतो.

"सर, याल का?" दीपश्रीनं खडू पुढे केला.

ते फळ्याशी गेले. नोट्स नव्हत्या. त्यांनी एक चौकोन काढला, शेजारी दुसरा लहान, आणि दोन्हींना जोडणारी एक रेघ.

"हा प्रोसेसर. हा टायमर. आणि ही तार. ऑपरेटिंग सिस्टीम सीपीयू दुसऱ्याला देते, पण देण्याआधी या टायमरमध्ये एक आकडा भरून ठेवते. मग ती थांबते. वनिता, तू म्हणालीस ते खरं आहे, ती थांबलेलीच असते. पण टायमर थांबत नाही. तो आकडा एकेक करून उतरत जातो. शून्यावर आला की या तारेवर व्होल्टेज चढतं. प्रोसेसर एकेक सूचना पुरी करतो आणि दर वेळी या तारेकडं बघतो. बघायचं की नाही, हे चालत्या प्रोग्रॅमच्या हातात नाही. व्होल्टेज दिसलं की हातातलं काम कुठवर आलं ते टिपून ठेवायचं आणि एका ठरलेल्या पत्त्यावर जायचं. त्या पत्त्यावर कोण बसलंय?"

"ऑपरेटिंग सिस्टीम!" चार-पाच आवाज आले.

वनिता अजून उभीच होती. "म्हणजे ती देतानाच गजर लावून देतीय, सर!"

"देतानाच." सरांनी खडू खाली ठेवला, हात झटकले. मग सगळ्या वर्गाकडे बघून ते म्हणाले, "हे मी एकतीस वर्षं शिकवलंय. त्या दिवशी हिनं विचारलं तेव्हा सिलॅबसमध्ये नाही म्हणून बसवलं हिला. माझं चुकलं ते."

सर चालत आपल्या बाकाशी गेले आणि त्यांनी दीपश्रीच्या पुढच्या वाक्यापासून लिहायला सुरुवात केली.

सगळंच असं सोपं गेलं नाही. शेवटचं युनिट मेमरीचं होतं. नसलेली जागा आहे असं भासवायचं, लागेल ते पान डिस्कवरून आणायचं, त्यासाठी कुठलं पान बाहेर काढायचं ते ठरवायचं. सर रोज सकाळी उणकलच्या तळ्याकाठी फिरताना ते मनात घोळवायचे आणि घरी येईपर्यंत गोंधळून जायचे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दीपश्रीनं त्यांना स्टाफरूममध्ये गाठलं. "सर, प्राचार्यांनी पत्र मागितलंय. मी लिहून टाकते, सर हा विषय शिकवायला पूर्णपणे समर्थ आहेत म्हणून. सही करून आजच देते."

"तू माझी परीक्षा घेतलीस?"

"तुमची परीक्षा मी घेऊ?"

"नाही घेतलीस, तर तुला माहीत कसं? आदरापोटी लिहू नकोस, दीपश्री. उद्या साठ मुलं माझ्यापुढं बसतील. एक पेपर काढ. ऐंशी मार्कांचा. मी लिहितो, तू तपास. मग काय लिहायचं ते लिही."

पेपर रविवारी दहा ते एक झाला, घरच्या जेवणाच्या टेबलावर. पर्यवेक्षक सुशीलाबाई. त्यांनी पाकीट दहाला फोडलं, मोबाईल काढून घेतला आणि समोर खुर्ची टाकून बसल्या. साडेअकराला सरांनी चहा मागितला.

"परीक्षेत चहा देतात का कुठं?"

"अगं, घरात बसलोय मी."

"मग परीक्षा कशाला म्हणायची? लिहा."

एकला त्यांनी सरांच्या हातातून कागद काढून घेतले. सर म्हणत होते, शेवटची ओळ राहिलीय. बाईंनी ऐकलं नाही.

मंगळवारी दीपश्रीनं कागद परत आणले. सरांनी पहिलं पान उलटलं, मग दुसरं, आणि चष्मा काढला.

"हे पेन्सिलीनं तपासलंस?"

ती खाली बघत होती. "तुमच्या कागदावर लाल पेन चालवायला हात उठेना, सर."

"तुझ्या वह्यांवर मी काय वापरायचो?"

"लाल."

त्यांनी खिशातलं लाल पेन काढून तिच्यापुढे धरलं. "बस इथं. गिरव."

तिनं एकेक प्रश्नाचे मार्क लाल शाईनं गिरवले. सर शेजारी बसून बघत होते. अकराव्या प्रश्नाशी त्यांनी तिचा हात थांबवला.

"इथं पाच का दिलेस? पान बदलण्याचा क्रम चुकलाय माझा. आकृती बरोबर आहे, उत्तर नाही."

"आकृतीचे..."

"वनिताला दिले असतेस?"

दीपश्रीनं पाचाचे तीन केले. बेरीज एकसष्ट झाली. तिनं ती पहिल्या पानावर लिहिली, गोल केला, खाली सही केली. मग लॅपटॉप उघडून पत्र लिहायला घेतलं आणि वाचून दाखवलं. सर ऐकत होते.

"'पूर्णपणे' काढ," ते म्हणाले. "पहिली चार युनिटं लिही. पाचवं अजून यायचंय मला. ते पुढच्या वर्षी तू घे, मी बसेन ऐकायला."

तिनं तो शब्द काढला. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात तसंच लागलं, चार युनिटं त्यांची आणि एक तिचं. पण त्या मंगळवारी हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. पत्र छापून झाल्यावर दीपश्री ते अटेंडरकडे द्यायला निघाली, तेव्हा सर म्हणाले, "आण इकडं. मीच देतो."

प्राचार्यांच्या खोलीबाहेर दाखल्यांवर सही घ्यायला सात-आठ मुलं उभी होती. सरांना बघून पुढचा मुलगा बाजूला सरकला. "सर, तुम्ही जा आत."

"नको. तुझा नंबर आहे," हुदलीकर सर म्हणाले आणि पत्राची घडी नीट करून रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.