पिवळी कड, पांढरी कड

त्या दिवशी दवाखान्यासमोर फुटपाथची पांढरी कड, म्हणजे माणसं उतरवायची जागा, एका निळ्या गाडीने अडवली होती. म्हणून मारीविकने व्हॅन पलीकडच्या पिवळ्या कडेला लावली आणि लकव्याने अर्धं अंग गेलेल्या वडिलांना आत नेलं. पिवळी कड मालाच्या गाड्यांची. चूक तिचीच होती. पण तिथल्या फर्निचर दुकानाच्या वेंडेल क्राउझेने तिला साधं हटकलं नाही, सरळ गाड्या उचलणाऱ्यांना फोन लावला.

ती बाहेर आली तर व्हॅन उचलून नेलेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या गार धुक्यात म्हातारा चाकाच्या खुर्चीत ताटकळला.

"तुमचं बाथरूम वापरू द्या हो," तिने वेंडेलला विनवलं.

"ते गिऱ्हाइकांसाठी आहे. नियम म्हणजे नियम, बाई."

भर रस्त्यात म्हाताऱ्याची पँट ओली झाली. त्यानंतर वडील घराबाहेर पडलेच नाहीत. "मला कुठं नेऊ नकोस, पोरी," एवढंच म्हणायचे. वसंतात गेले.

मारीविकने डूख धरला. समोरच्या कॉफीच्या दुकानात बसायला लागली, तेव्हा कळलं, ती निळी गाडी वेंडेलचीच. पांढऱ्या कडेला गाडी सोडून तो खुशाल दुकानात बसायचा. तरी तिने फोन केला नाही. त्याला झोंबेल असा दिवस तिला हवा होता.

एके दिवशी वेंडेलने आपल्या आईला दवाखान्यात सोडलं, गाडी तिथेच ठेवली. मारीविकने फोन उचलला.

म्हातारी वॉकर टेकत बाहेर आली, तेव्हा गाडी नव्हती. वेंडेल धावत आला. "कोणी केला हा हलकटपणा?"

"मी," रस्ता ओलांडून मारीविक म्हणाली. "नियम म्हणजे नियम, साहेब."

"लाज नाही वाटत? माझी आई फार वेळ उभी राहू शकत नाही!"

"माझ्या बापाला तर बसल्या जागी..." मग तिने म्हातारीकडे वळून सगळं सांगितलं. बाथरूमचंसुद्धा.

म्हातारीने मुलाकडे पाहिलं. "आजारी माणसाला आत घेतलं नाहीस तू?"

"आई, दुकानात गिऱ्हाइकं होती..."

वेंडेलची मान खाली गेली. मारीविकच्या छातीतला दगड हलला. तिला गोड वाटलं, अगदी मनापासून गोड वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

वेंडेलने हात पुढे केला. म्हातारीने तो झिडकारला.

"पोरी, मला टॅक्सीपर्यंत ने," ती मारीविकला म्हणाली. "ह्याचा आधार नको मला."