दहा बोटांची वाटी

“वाटी दोन्ही हातांनी धर गं. अंगठा पाण्यात बुडवायचा नाही. देवाच्या पाण्याला आपलं नख लागता कामा नये.”

मित्रांनो, हा मालसूनचा आवाज. तो शेवटचा ऐकला त्याला अकरा वर्षं होतील. पण पहाटे मला नळाखाली धरलं, पाणी भरू लागलं, की अजून तो माझ्या कडेवरून गोल फिरतो. हे शब्द ती आपल्या लेकीला, युनजाला, सांगायची. युनजा तेव्हा इतकी लहान होती की मी तिच्या हातांत मावत नसे.

मी एक जुनी काशाची वाटी आहे. माझा जन्म कोरियातल्या एका भट्टीतला. लालबुंद गोळ्यावर पाच जणांनी ताल धरून हातोडे घातले, तेव्हा मला आकार आला. त्या घावांच्या खुणा अजून अंगावर आहेत. जवळून पाहिलं तर वाऱ्याने पाणी शहारावं तशा दिसतात. मालसूनच्या लग्नात तिच्या आईने मला तिच्या हाती दिलं. जेजू बेटावर त्यांचं घर होतं, आणि मालसून समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या बायकांपैकी होती. रोज पहाटे, सप्तर्षी दिसेनासे व्हायच्या आत, विहिरीचं पहिलं, कुणी न शिवलेलं पाणी ती माझ्यात भरी, घरामागच्या दगडावर मला ठेवी आणि हात जोडून उभी राही. मागणं फार नसे. गेलेलं माणूस परत येऊ दे, एवढंच. समुद्रावर पोट असलेल्या घराने दुसरं काय मागावं?

पुढे पोटासाठीच ती नवऱ्यामागोमाग बोटीने जपानात, ओसाकाला आली. थोरला मुलगा आजी-आजोबांपाशी बेटावर राहिला. युनजा इथे जन्मली. आमच्या गल्लीत बहुतेक सगळी कोरियन माणसं आणि घरोघर चपलांचं काम. मालसून दिवसभर सोलला चिकटवायचं सोल्युशन लावत बसे. विहीर जाऊन सार्वजनिक नळ आला, पण नेम तोच राहिला.

युद्धाच्या दिवसांत हुकूम निघाला, की घरातलं तांबं, पितळ, कासं असेल ते आणून द्या, तोफांना हवं आहे. मालसूनने मला कोबीच्या लोणच्याच्या रांजणाखाली पुरलं. भांडी गोळा करायला गाडीबरोबर कोण आलं, तर कोपऱ्यावरच्या टोफूवाल्याची नवी सून, हात्सुए. जपानी मुलगी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. रांजण जरा कलला होता आणि खालची माती ताजी उकरलेली दिसत होती. तिने ती पाहिली. मग पायानेच रांजण सरळ केला आणि बाहेरच्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “इथे लोणच्याच्या वासाशिवाय काही नाही.” दुसऱ्या दिवशी मालसूनने त्याच वासाचं वाडगाभर लोणचं तिला नेऊन दिलं. याबद्दल दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून एकमेकींच्या झाल्या.

युद्ध संपलं, तोवर जपानच्या राज्यात असलेला कोरिया वेगळा झाला, आणि गल्लीतली माणसं एका कागदाने परकी ठरली. परक्यांनी ओळखपत्र जवळ बाळगायचं आणि त्यासाठी दर काही वर्षांनी वॉर्ड ऑफिसात जाऊन डाव्या तर्जनीचा ठसा द्यायचा, असा कायदा झाला. जपानी माणसाचा असा ठसा घेत ते त्याने काही गुन्हा केल्यावरच. मालसून पहिल्यांदा गेली तेव्हा कारकुनाने तीनदा शाई लावली, तीनदा बोट दाबलं, तरी कागदावर नुसता काळा डाग. बोटावरच्या रेषा सोल्युशनने कधीच खाऊन टाकल्या होत्या. तो वैतागला, तशी ती म्हणाली, “साहेब, ठसे हवेत तर घरी जाऊन बायकोच्या चपला उलट्या करून बघा. तिथेच राहिलेत माझे.”

गल्ली आठ दिवस हसत होती. पण त्या संध्याकाळी मालसून हसत नव्हती. राखेने मला घासून झालं, आणि मग तीच राख घेऊन ती आपलं बोट घासत बसली. बराच वेळ.

नवरा गेल्यावर तिला समुद्राचा आवाज हवासा झाला, आणि ती बेटावर थोरल्याकडे राहायला गेली. मला मात्र बरोबर नेलं नाही. “नेम तुझ्याकडे सोपवते,” असं युनजाला म्हणाली. युनजाने मान हलवली खरी. पण तिला सकाळी सहापासून चपलांची खोकी भरायची असत. पंधरा दिवसांत नेम सुटला. घरात स्टीलच्या वाट्या आल्या आणि मी फळीवर, जुन्या सोलच्या गठ्ठ्यामागे गेले. अंगावर हिरवा थर चढला. तिला दोष देत नाही, पोट आधी. दर दोन वर्षांनी ती परतीचा, म्हणजे जपानात पुन्हा शिरू देण्याचा, परवाना काढून आईला भेटून यायची, येताना वाळलेलं समुद्री शेवाळ आणायची. त्याचा वास फळीपर्यंत पोचे. तेवढ्यावर मी दिवस काढले.

युद्ध संपून चाळीस वर्षं झाली त्या साली, म्हणजे गेल्या वर्षी, युनजाच्या ओळखपत्राची मुदत संपली. ती वॉर्ड ऑफिसात गेली आणि बोट न देता परत आली. ती एकटी नव्हती. गावोगाव हजारो लोक बोट मागे घेत होते. ऑफिसांसमोर ढोल घेऊन उभे राहत. त्यांत जपानी शिक्षक असत, चर्चचे पाद्री असत, खुद्द ऑफिसात काम करणारे काहीजणही असत. युनजाला घोषणा जमत नाहीत. घरी येऊन ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, की आपली सुमी पुढच्या वर्षी सोळाची होईल, मग तिलाही बोलावतील. मीच आज बोट दिलं तर तिला कोणत्या तोंडाने सांगू की पोरी, तू कुणाची चोर नाहीस? आणि सुमीला जवळ घेऊन तिने सांगितलं, “तुझं बोट काळं होणार नाही.”

मग बोट न देणाऱ्यांचा परतीचा परवाना बंद झाला. जायचं असेल तर जा, पण परत येता येईल याचा भरवसा नाही. नवरा, लेक, घर सगळं इथे, आणि आई समुद्रापलीकडे. दार बाहेर उघडत होतं, आत उघडत नव्हतं.

निनावी पत्रं आली: पटत नसेल तर चालते व्हा. ती तिने चुलीत घातली. हात्सुएने मात्र तोंडावर सांगितलं. तिचंही आता वय झालंय. टोफूचं दुकान अजून तीच चालवते. “अगं, शाई ती शाई. धुतली की गेली. दे आणि ये आईला भेटून.”

“तुमचं बोट मागितलं असतं तर, मावशी?”

“माझं कशाला कोण मागेल?” हात्सुए म्हणाली, आणि म्हणता म्हणता आपल्याच बोटाकडे बघू लागली.

त्याच आठवड्यात युनजाने मला फळीवरून काढलं. राख आणि लिंबू घेऊन दोन संध्याकाळ घासलं, तेव्हा कुठे माझं मूळचं रूप आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्यात पाणी भरून तिने मला मोरीजवळच्या खिडकीत ठेवलं, बेटाच्या दिशेला तोंड केलं आणि हात जोडले. मित्रांनो, रस्ता मोकळा होता तेव्हा नेम सुटला होता. रस्ता बंद झाला तेव्हा तो परत आला. त्यानंतर एकही दिवस चुकलेला नाही. ताप होता तेव्हाही ती भिंतीला धरून उठली.

या शरदात थोरल्याचं पत्र आलं. युनजाने ते उभ्यानेच वाचलं. आईने अंथरूण धरलं आहे, हिवाळा निघेल असं डॉक्टरांना वाटत नाही. आणि शेवटी: ‘आई म्हणते, पोरीला म्हणावं, शाई लावून घे आणि ये. हात धुवायला इथे अख्खा समुद्र आहे.’

खरं सांगू? मलाही वाटलं, देऊन टाक बाई एकदाचं. मला मालसूनच्या हातांची आस लागली होती, त्या रेषा नसलेल्या, उन्हात तापलेल्या खडकासारख्या बोटांची. दुसऱ्या पहाटे पाण्यापुढे युनजा नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली, मग चांगले कपडे करून निघाली. हात्सुए सोबतीला गेली.

दुपारी दोघी परत आल्या. युनजाची डावी तर्जनी काळी कुळकुळीत होती आणि ती हात अंगापासून लांब धरून होती. मनात म्हटलं, झालं. पण मोरीवर बसून हात्सुए सुमीला सांगू लागली, तेव्हा खरं काय ते कळलं.

कारकून तरुण होता, सभ्य होता. ही बोट द्यायला आली म्हणून त्यालाच हायसं वाटलं. त्याने शाई लावली. मग युनजाचं बोट आपल्या चिमटीत धरून त्याने ते फॉर्मवर नेलं आणि समजावल्यासारखं म्हणाला, “बोट सैल सोडा. तुम्ही काही करू नका, मी करतो.” तेवढ्यात युनजाने हात ओढून घेतला.

“गोडच बोलला गं तो,” हात्सुए म्हणाली. “पण माझ्याच अंगावर काटा आला. मी पुढे झाले. म्हटलं, लेका, मग माझंही घे. चाळीस वर्षं एका नळाचं पाणी पितोय आम्ही. तर म्हणतो कसा, आजी, तुमच्यासाठी फॉर्मच नाही.”

सुमी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. युनजा कुणाकडेही न बघता म्हणाली, “आईला काय कळवू?”

हात्सुएने टोफूचा ओला चोथा फडक्यात बांधून आणला आणि युनजाचं बोट घासायला घेतलं. पाणी काळं होत राहिलं. ती म्हणाली, “शाई ती शाई, असं मीच म्हणत होते ना? बघ, नखाच्या कडेला बसली ती बसलीच.” आणि मान वर न करता पुढे म्हणाली, “मी जाते. मला कुणी अडवत नाही, जातानाही नाही, येतानाही नाही. मालसूनला माझ्या हाताने पाणी पाजून येते. शब्द देते तुला.”

“मावशी, तुम्ही कधी विमानात तरी—”

“शेजारच्या कोबे शहराच्या पुढे गेलेली नाही मी. पण मालसून ओसाकाची बोली माझ्यापेक्षा बरी बोलते, शिव्यांसकट. चुकले तर ती सांभाळून घेईल.”

पासपोर्ट यायला तीन आठवडे गेले. तिकडून वाईट बातमीची तार आली नाही, हीच देवाची कृपा. मालसूनने पाणी प्यायचं ते माझ्यातूनच, असं ठरलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं भांडं फळीवर मागे सरकलेलं असेल. मोडीत घालण्याआधी विचारा, ते कुणाच्या हातचं आहे. आणि कुणाचा हात हातात घ्यायचा असेल तर तोही विचारूनच घ्या. विचारलं की माणूस आपण होऊन देतो.

आज उजाडताना हात्सुए आली. तिच्या दुकानाच्या दारावर चिठ्ठी आहे: ‘चार दिवस टोफू मिळणार नाही.’ काल युनजाने मला आरशासारखं घासून ठेवलं होतं. घासलेल्या काशाला बोट लागलं की रेषान् रेषा उमटते; म्हणून शेवटी कोरड्या फडक्याने ती मला हलकेच पुसते. आज तिने मला पोटाशी धरलं. दहाही बोटं माझ्यावर टेकवली आणि तशीच ठेवली, त्यांची ऊब माझ्यात उतरेपर्यंत. मग मला हात्सुएपुढे केलं. बोटं अंगावर स्वच्छ उमटली होती. हात्सुएने सवयीने ॲप्रनचं टोक उचललं.

“पुसू नका, मावशी. आईला द्यायचीत.”

हात्सुएचा हात थांबला. तिने मला कडेला धरून टोफूच्या लाकडी खोक्यात अलगद पालथं ठेवलं, कुठे काही घासत नाही ना हे वाकून पाहिलं, आणि झाकण लावलं. आत अंधार झाला. बाहेर तिने चपला घातल्या, दार लोटलं, आणि गल्लीतून तिची पावलं बसथांब्याकडे निघाली, रोजच्यापेक्षा सावकाश.